मुंबई ते न्यूयॉर्क: अंतर साडेबारा हजार किलोमीटर, मग जाताना साडेसोळा तास आणि येताना चौदाच का?

गोदाकाठ (नाशिक)
नमस्कार मंडळी. धाकटी बहीण न्यू जर्सीत एडिसनला असते, तिचं बाळंतपण एप्रिलमध्ये आहे. आई (वय ६७) मार्चच्या मध्यावर एकटीच निघते आहे. पहिलाच विमानप्रवास. तिकीट आलं आणि घरात गणित सुरू झालं, ते काही सुटेना, म्हणून इथे मांडते.

जातानाचं तिकीट: मुंबईहून रात्री १.३०, न्यूयॉर्कला त्याच दिवशी सकाळी ८.३०. आई म्हणाली, "सातच तास ना गं? आपल्या नागपूरच्या गाडीला याहून जास्त लागतात." परतीचं: न्यूयॉर्कहून सकाळी ११.३०, मुंबईला दुसऱ्या दिवशी सकाळी ११. म्हणजे साडेतेवीस तास! तिकीट काढून देणारा म्हणतो जाताना साडेसोळा, येताना चौदा. आणि अंतर दाखवणाऱ्या एका साइटवर १२,५४० किमी, वेग ताशी ९०० धरला तर १४ तास.

घड्याळांतला फरक आहे एवढं कळतं. पण तो वजा करूनही जाणं आणि येणं सारखं का येत नाही? रस्ता तोच ना? आणि खरं सांगायचं तर मला एवढंच हवंय की आईला समोर बसवून नीट सांगता आलं पाहिजे, तू इतके तास बसणार आहेस आणि त्यानंतर बहीण तुला दिसणार आहे. ती घाबरलेली आहे, बोलत नाही इतकंच.

एडिसनकर
आधी घड्याळाचं उरकतो. मार्चचा दुसरा रविवार ते नोव्हेंबरचा पहिला रविवार आम्ही भारताच्या साडेनऊ तास मागे असतो, एरवी साडेदहा. काकूंची दोन्ही तिकिटं साडेनऊच्या काळातली आहेत. ७ + ९.३० = १६.३०. आणि २३.३० − ९.३० = १४. तुमचा तिकीटवाला बरोबर आहे.

जाणं-येणं सारखं का नाही ते इथले जाणकार सांगतीलच. काकूंना माझा नमस्कार सांगा. विमानतळावर न्यायला बहिणीचे यजमान जात असतील तर त्यांना आठ वाजता नाही, साडेनऊला पोचायला सांगा. इमिग्रेशनची रांग आणि सामान यात तास-दीड तास सहज जातो.

कोकणकडा
मला नेहमी वाटतं की पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, मग विमान पश्चिमेला निघालं की न्यूयॉर्क आपणहून जवळ येत असलं पाहिजे. म्हणजे जातानाच कमी वेळ लागायला हवा. उलटं कसं?

अक्षांश_रेखांश (सातारा)
कोकणकडा, बत्तीस वर्षं भूगोल शिकवला आणि दरवर्षी एकतरी मूल हा प्रश्न विचारायचं. फार चांगला प्रश्न आहे. पृथ्वी फिरते तेव्हा तिच्याबरोबर हवाही फिरते. विमान त्या हवेत असतं. धावत्या एसटीत चेंडू वर उडवला तर तो मागच्या सीटवर जाऊन पडत नाही, तुमच्याच हातात येतो, तसंच. म्हणून पृथ्वीच्या फिरण्याने न्यूयॉर्क जवळ येत नाही.

फरक पडतो तो हवा स्वतः वाहते म्हणून. साधारण ९ ते १२ किमी उंचीवर, म्हणजे प्रवासी विमानं उडतात त्याच थरात, मध्य अक्षांशांवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे अरुंद, जोरदार पट्टे वाहतात. यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात ते जास्त जोरात असतात, कारण तेव्हा विषुववृत्ताकडची आणि ध्रुवाकडची हवा यांच्या तापमानातला फरक वाढतो. १९२० च्या दशकात वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञाने तातेनोच्या वेधशाळेतून फुगे सोडून हे वारे मोजले होते. अहवाल त्याने एस्परांतो या मुद्दाम घडवलेल्या, फार थोड्यांना येणाऱ्या भाषेत छापला, त्यामुळे बाहेरच्या जगात तो फारसा पोचलाच नाही. दुसऱ्या महायुद्धात जपानवर उंचावरून आलेल्या अमेरिकन वैमानिकांना हे वारे अंगावर घ्यावे लागले तेव्हा सगळ्यांचं लक्ष तिकडे गेलं.

आता होडीचं उदाहरण घ्या. कृष्णेला पाणी आहे, नावाडी तोच, ताकद तीच. प्रवाहाबरोबर जाताना काठ भराभर मागे पडतो, उलटं येताना नाही. "वेग ताशी ९००" हा विमानाचा हवेतला वेग. जमिनीवरून मोजला तर तो वाऱ्याप्रमाणे बदलतो.

सांताक्रूझकर
सरांनी पाया घातलाच आहे, त्यावर थोडं घालतो. फ्लाइट डिस्पॅचमध्ये नोकरी झाली माझी, म्हणजे प्रत्येक उड्डाणाचा मार्ग, उंची आणि इंधन आखून कॅप्टनच्या हातात द्यायचं काम.

साइटवर दिसणारं १२,५४० किमी हे गोलावरचं सगळ्यांत कमी अंतर आहे. त्या रेघेवरून प्रत्यक्ष कुणी उडत नाही. मार्ग ठरलेल्या बिंदूंवरून जातो, वाटेतल्या देशांची परवानगी लागते, वारा टाळायचा किंवा पकडायचा असतो. समजा प्रत्यक्षात १३,००० किमी झाले. समोरून सरासरी ताशी ८० किमी वारा असेल तर जमिनीवरचा वेग ८२०, म्हणजे जवळजवळ १६ तास. तोच वारा पाठीशी असेल तर ९८०, म्हणजे सव्वातेरा तास. दोन्हीत धावपट्टीपर्यंत जाणं, उतरल्यावर गेटला लागणं याचा अर्धा तास मिळवा. तिकिटावर गेट ते गेट वेळ छापतात, त्याला आम्ही ब्लॉक टाइम म्हणतो. आलं ना साडेसोळा आणि पावणेचौदा-चौदा?

वाऱ्याची किंमत किती असते त्याचं एक उदाहरण देतो. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. अटलांटिकचा मार्ग सुमारे १३,९०० किमीचा, पॅसिफिकचा सुमारे १५,३००. चौदाशे किलोमीटर जास्त उडून विमान साडेचौदा तासांत पोचलं, नेहमीपेक्षा जवळजवळ दोन तास आधी. कारण पूर्वेकडे जाताना वारा पाठीशी. म्हणून आमच्या खात्यात "किती किलोमीटर" असं कुणी विचारायचं नाही, "किती तास आणि किती टन" असंच विचारायचे. टन म्हणजे इंधन. बोइंग ७७७-३००ईआरच्या टाक्यांत सुमारे १ लाख ८१ हजार लिटर मावतं. अर्धा तास जास्त उडायचं तर त्यासाठीचं जादा इंधन पहिल्या मिनिटापासून वाहून न्यावं लागतं, आणि ते वाहायलाही इंधनच जळतं.

प्रश्नचिन्ह
सर, पण नकाशावर मुंबईहून न्यूयॉर्कला सरळ रेघ मारली तर ती अरबस्तान, आफ्रिकेचा वरचा भाग आणि मग अटलांटिक अशी जाते. विमानातल्या स्क्रीनवर मात्र विमान युरोपावर चढून जातं. हा वळसा नाही का?

अक्षांश_रेखांश
घरात पृथ्वीगोल आहे का? नसेल तर जवळच्या शाळेत जा, शिक्षक नाही म्हणणार नाहीत. दोरा घ्या, एक टोक मुंबईवर, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि घट्ट ताणा. ३० सेंमी व्यासाचा गोल असेल तर दोरा साडेएकोणतीस सेंमी भरेल. परीघ ९४ सेंमी, म्हणजे एका सेंमीला सव्वाचारशे किमी. अंतर तुम्हीच काढलंत!

दोरा कुठून जातो ते बोटाने बघत चला. मी हिशेब करून पडताळलंय. मुंबईहून वायव्येला कंदाहारच्या आसपास, मग अश्गाबादजवळून, कॅस्पियन समुद्राच्या उत्तरेकडून, मॉस्कोच्या अगदी जवळून, फिनलंडचं दक्षिण टोक, आणि फेरो बेटं व आइसलंड यांच्या मधोमध जवळजवळ ६५ अंश उत्तर अक्षांशावर सगळ्यांत वर. तिथून खाली ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाशी, लॅब्राडोर, क्वेबेक आणि न्यूयॉर्क. भिंतीवरच्या नकाशात गोल कापून सपाट केलेला असतो, त्यात ध्रुवाकडचा भाग ताणला जातो. म्हणून खरी जवळची वाट तिथे वाकडी दिसते. वर्गात दोरा ताणल्यावर मुलांचे चेहरे बघायला मला फार आवडायचं.

कोथरूडकर
पण मग ही वाट तर आज बंदच म्हणायची. पाकिस्तानचं आकाश भारतीय विमानांना एप्रिल २०२५ पासून बंद, रशियाचं बऱ्याच पाश्चात्त्य कंपन्यांना फेब्रुवारी २०२२ पासून.

सांताक्रूझकर
बरोबर. २०१९ मध्येही फेब्रुवारी ते जुलै पाकिस्तानचं आकाश बंद होतं, ते दिवस मला चांगले आठवतात. रोज नवी आखणी. पण मुंबईच्या लोकांनी एक लक्षात घ्या, यात दिल्लीला जितका फटका बसतो तितका मुंबईला बसत नाही. दिल्लीचं विमान पश्चिमेला निघालं की पुढ्यात पाकिस्तानच. ते आधी खाली गुजरातकडे आणायचं, मग समुद्रावर. मुंबईचं विमान उडालं की थेट अरबी समुद्रावरच असतं. ओमानच्या बाजूने वर सरकतं, पुढे तुर्कस्तान, युरोप, अटलांटिक. आखातात काही घडलं तर मात्र तीही वाट अरुंद होते.

गोदाकाठ, म्हणून आईंना पक्का आकडा सांगू नका. "साडेसोळाच्या आसपास, वीस-पंचवीस मिनिटं इकडेतिकडे" असं सांगा. त्या दिवशीच्या वाऱ्यावर ते ठरेल.

कोथरूडकर
एक सुचवू का? एकटी बाई, पहिला प्रवास, तर मध्ये थांबणारं विमान बरं पडलं असतं. सलग साडेसोळा तास म्हणजे शिक्षा. पाय मोकळे होतात, शिवाय तिकीटही बऱ्याचदा स्वस्त. फक्त अंतर वाढत असेल.

सांताक्रूझकर
अंतर फारसं वाढत नाही, हे लोकांना खरं वाटत नाही. मुंबई–लंडन ७,२०० च्या थोडं वर आणि लंडन–न्यूयॉर्क ५,५४०. बेरीज सरळ रेघेपेक्षा दोनशे-सव्वादोनशे किमीच जास्त. दुबईमार्गे गेलं तरी चारशेच्या आसपास जास्त. म्हणजे उड्डाणातली अर्ध्या तासाची गोष्ट. वाढतात ते थांब्याचे तास: कधी दोन, कधी सात. आणि दोन तास म्हणजे आराम नव्हे. दुसरं टर्मिनल, पुन्हा सुरक्षा तपासणी, पुन्हा गेट शोधणं. पहिलं विमान उशिरा आलं तर पळापळ. गुडघ्याचा त्रास असलेल्या, इंग्रजीची सवय नसलेल्या माणसाला मी तरी थेट विमानच सांगेन.

जुनी_मुंबई
मी १९७९ साली पहिल्यांदा गेले, तेव्हा थांबा घ्यायचा की नाही असा प्रश्नच नव्हता. लंडनला उतरायचंच. माझे सासरे तर १९४८ च्या गोष्टी सांगत. त्या वर्षी ८ जूनला एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून लंडनला निघालं, कैरो आणि जिनिव्हा करत. न्यूयॉर्कची सेवा १९६० मध्ये सुरू झाली, बोइंग ७०७ आल्यावर, तीही लंडनमार्गे. एअर इंडियाचं मुंबईहून न्यूयॉर्कला न थांबता जाणारं विमान उजाडलं ते ऑगस्ट २००७ मध्ये.

मला आठवतं ते लंडनच्या विमानतळावरचं. रात्रीचे किती वाजले, कुठल्या देशाचे वाजले, काही समजत नव्हतं. माझ्याच वयाची एक पंजाबी मुलगी शेजारी रडत होती, तिला पोळी-गुळाचा डबा दिला. आम्ही दोघी न्यूयॉर्कपर्यंत हात धरून होतो. गोदाकाठ, आईच्या हातातल्या पिशवीत ओळखीचं काहीतरी खायला असू दे. कोरडं, डब्यातलं. उतरायच्या आधी उरलेलं संपवायला सांग, बाहेर खाण्याचे पदार्थ जाहीर करावे लागतात.

मिरजेची_डॉक्टर
सगळे अंतर-वाऱ्यावर बोलताहेत, मी शरीरावर बोलते.

विमानाच्या आत हवेचा दाब जमिनीवरच्यासारखा नसतो. तो साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवर असावा तसा ठेवतात. महाबळेश्वर १,३५० मीटर, कळसूबाईचा माथा १,६४६. म्हणजे आई साडेसोळा तास कळसूबाईपेक्षा उंचावर बसणार आहेत, आणि तिथली हवा फार कोरडी. म्हणून पाणी घोट घोट, पण सतत. "सारखं उठावं लागेल" म्हणून बायका पाणी पीत नाहीत, हे मी रोज ऐकते. उठणं हेच तर हवंय. चार तासांहून लांब प्रवासात एका जागी बसून राहिल्याने पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. जागी असतील तेव्हा दर दीड-दोन तासांनी उठून मागच्या दारापर्यंत जाऊन यायचं. बसल्या बसल्या घोटे गोल फिरवायचे. मधली नाही, कडेची सीट घ्या.

त्यांना गोळ्या कोणत्या आहेत?

गोदाकाठ
ताई, रक्तदाबाची सकाळी एक, थायरॉइडची उपाशीपोटी एक. तिचा सगळ्यांत मोठा घोर तोच आहे, "सकाळ कुठली धरायची?"

मिरजेची_डॉक्टर
हे तिच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या, तारीख आणि भारतीय वेळ घालून. मी इथून मात्रा सांगणार नाही. पण हातात एक घड्याळ भारताच्या वेळेवरच ठेवा आणि प्रवास संपेपर्यंत त्याला हात लावू नका. गोळ्या मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातल्या पिशवीत. मोठ्या बॅगेत अजिबात नाही. आणि व्हीलचेअर आत्ताच सांगून ठेवा. त्यात कमीपणा नाही. रांगेत तासभर उभं राहणं गुडघ्यांना झेपायचं नाही, आणि सोबत माणूसही मिळतो.

प्रश्नचिन्ह
एक शंका. माझी मावशी फेब्रुवारीत याच वेळच्या विमानाने गेली, रात्री दीडचंच. ती साडेसातला पोचली. मार्चमध्ये साडेआठ म्हणजे विमान तासभर जास्त उडतं का?

एडिसनकर
नाही. विमान तेवढंच उडतं. मधल्या त्या रविवारी इथली घड्याळं तासभर पुढे गेलेली असतात.

अक्षांश_रेखांश
घड्याळाचं निघालंच आहे म्हणून. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्तावरची, मिर्झापूरजवळून जाणारी. मुंबईचा सूर्य तिच्या ३९ मिनिटं मागे असतो. आणि मुंबई महापालिका १९५५ पर्यंत स्वतःची 'बाँबे टाइम' पाळत होती! तेव्हा घड्याळात काय वाजले यावर आपल्याच गावात दोन मतं होती.

गोदाकाठ, आईंना सांगण्यासारखी खरी गंमत मी राखून ठेवली होती. साठ अंश अक्षांशावर पृथ्वीचा पृष्ठभाग ताशी ८३५ किमी वेगाने पूर्वेला फिरतो. विमान जवळजवळ तेवढ्याच वेगाने पश्चिमेला जातं. त्यांची वाट साठच्या बरीच खाली आहे, तिथे पृथ्वीचा वेग जास्त, तरी विमान सूर्याशी बरीच बरोबरी करतं. मार्चच्या मध्याचा हिशेब मी मांडला: युरोपवर असताना, भारतात सकाळचे दहा वाजलेले असतील तेव्हा, मागच्या बाजूला उजेडाची पहिली रेघ दिसेल. सूर्य वर यायला मात्र भारतातले अडीच वाजून जातील. चार-साडेचार तास पहाटच. नाशिकमध्ये पहाटेचा हा उजेड तास-सव्वा तासात उरकतो. डाव्या बाजूच्या खिडकीतून शेपटीकडे बघायला सांगा.

गोदाकाठ
सर, हे तिला वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं तिने.

मी आता घरापासून घरापर्यंतचा हिशेब केला. नाशिकहून दुपारी ४ ला निघणार, कसारा घाट, मुंबईची गर्दी, विमानतळावर ९ ते ९.३० ला. विमान १.३०. उतरेल तेव्हा भारतात संध्याकाळचे ६. बाहेर पडून एडिसनला पोचेपर्यंत रात्रीचे ९. एकूण २९ तास, त्यातले उड्डाणाचे साडेसोळा. हेच वहीत मोठ्या अक्षरात लिहून दिलंय, भारतीय वेळेत, गोळ्यांसह. वरती "वारा समोरून असतो म्हणून जास्त वेळ लागतो, काळजी नको" असंही लिहिलंय, कारण तिने तसं लिही म्हणून सांगितलं.

जुनी_मुंबई
पोचली की इथे कळव हो.

गोदाकाठ
पोचली! काल रात्री भारतात साडेनऊला बहिणीचा फोन आला. विमान वेळेपेक्षा बावीस मिनिटं उशिरा उतरलं. सांताक्रूझकर काका, तुम्ही म्हणालात तेवढंच. व्हीलचेअरमुळे इमिग्रेशन पाऊण तासात झालं.

आज सकाळी आईशी नीट बोलले. शेजारी बडोद्याच्या एक बाई होत्या, त्याही मुलीकडेच निघालेल्या, दोघींनी शंकरपाळे संपवले. दर दोन तासांनी उठत होती. मागच्या दाराला छोटी खिडकी असते, तिथे एकदा पाय मोकळे करायला गेली तर बाहेर काळोखाच्या कडेला तांबूस रेघ. परत दोन तासांनी गेली तर रेघ तिथेच. तिसऱ्यांदा गेली तेव्हाही तिथेच, थोडी रुंद झालेली. तिने हवाईसुंदरीला मराठीतच सांगितलं म्हणे, "अजून उजाडत नाहीये, आमच्या सरांनी सांगितलं होतं." ती मुलगी तिच्याजवळ उभी राहून बघत राहिली.

भारताचं घड्याळ अजून हातातच आहे. काढ म्हटलं तर म्हणाली, "राहू दे, तुझी जेवणाची वेळ कळते."